शनिवारवाड्याचे भूत आणि भरदिवसा झालेला खून

ऐतिहासिक नगरांतून रात्री पायी हिंडून भुताखेतांच्या जागा दाखविण्याचा व्यवसाय पाश्चात्त्य देशांत चांगलाच रुळला आहे. यॉर्क, एडिंबरो या शहरांत वाटाड्या पर्यटकांना काळोख्या गल्लीबोळांतून नेतो. अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स येथे रक्तपिपासू व्हँपायरच्या नावाने फेऱ्या निघतात व त्यांच्या लोकप्रियतेत ॲन राइस यांच्या १९७६ च्या कादंबरीचा मोठा वाटा आहे. आपल्याकडे या प्रकाराला सर्वांत जवळचे स्थळ म्हणजे पुण्याचा शनिवारवाडा होय. नेरसारख्या गावातून शैक्षणिक सहल पुण्यास गेली की विद्यार्थी बाजीरावांविषयी नंतर विचारतात. 'काका, मला वाचवा' ही हाक खरेच ऐकू येते काय, हे आधी विचारतात. प्रस्तुत लेखात या हाकेमागील इतिहास तपासावयाचा आहे.

वाडा रात्री बंद असतो. त्यामुळे जेवणे आटोपून निघालेल्या आमच्या मंडळींना तटाबाहेरूनच प्रदक्षिणा घालावी लागली. दिल्ली दरवाजा, मस्तानी दरवाजा, पूर्वेचा खिडकी दरवाजा, गणेश दरवाजा आणि दक्षिणेस जांभूळ अथवा नारायण दरवाजा असा तो क्रम. नारायणरावांचा मृतदेह याच दरवाजाने बाहेर नेला, असे सांगितले जाते. येथे मुले आपोआप दबक्या आवाजात बोलू लागली. तटाच्या आत मात्र आता जोतीच उरली आहेत. फेब्रुवारी १८२८ मध्ये लागलेल्या आगीत इमारती जळून गेल्या. ज्या दालनांत हत्या घडली ती दालने हाकेच्या दंतकथेला आसरा देण्यास शिल्लक नाहीत.

दंतकथेने पहिला फरक केला तो वेळेचा. ही हाक रात्री, कोणी म्हणतात अमावास्येला, कोणी म्हणतात पौर्णिमेला, ऐकू येते. परंतु ३० ऑगस्ट १७७३ हा दिवस भाद्रपद शुद्ध त्रयोदशीचा, म्हणजे गणेशोत्सवातला होता आणि हत्या झाली ती दुपारी. भोजनोत्तर विश्रांती घेत असलेले अठरा वर्षांचे पेशवे गलबल्याने जागे झाले. थकलेल्या पगाराचे निमित्त करून सुमेरसिंग गारद्याची माणसे वाड्यात शिरली होती. नारायणराव धावत चुलत्यांकडे गेले व त्यांना मिठी मारली. पुढे जे घडले ते उजेडात, माणसांच्या डोळ्यांदेखत घडले. धन्याच्या अंगावर स्वतःला झोकून देणारा चापाजी टिळेकर तेथेच मारला गेला. इच्छारामपंत ढेरेही मारले गेले आणि दासीही सुटल्या नाहीत. भुताच्या कथेत या माणसांना आवाज नाही. हाक एकाचीच उरली, आणि ज्याला हाक मारली तो काका कथेत केवळ एक संबोधन होऊन बसला.

'ध' चा 'मा' केल्याची हकिकतही अशीच काम करते. मूळ पत्रात 'धरावे' असे होते, ते आनंदीबाईंनी 'मारावे' असे केले, हे ग्रँट डफ यांच्या १८२६ च्या ग्रंथात आले आहे आणि पुढे नाटकांनी, कीर्तनांनी ते घरोघरी नेले. एका अक्षराच्या या कथेमुळे कट दृष्टीआड होतो आणि बाईचा हात तेवढा दिसत राहतो. मूळ पत्रात 'धरावे' असेच होते असे मानले, तरी गादीवरच्या पेशव्याला धरण्याचा हुकूम हाही राजद्रोहच. हा साधा मुद्दा वर्गात मांडला की मुले थबकतात.

हे प्रकरण वऱ्हाडाला परके समजण्याचे कारण नाही. १७७२ साली जानोजी भोसले निवर्तल्यावर साबाजी व मुधोजी या बंधूंत वारसाहक्काचा तंटा माजला. नारायणरावांचा कल साबाजींकडे होता, तर रघुनाथराव मुधोजींच्या बाजूचे. पुण्याची भाऊबंदकी आणि नागपूरची भाऊबंदकी एकमेकींत गुंतल्या होत्या. जानेवारी १७७५ मध्ये पाचगावच्या लढाईत साबाजी मुधोजींच्या हातून मारले गेले, तेव्हाच येथला तंटा मिटला. नागपूरजवळचे पाचगाव कोणत्याही 'भुताटकी'च्या यादीत मात्र आढळत नाही!

आता वेताळाविषयी. रिचर्ड बर्टन यांनी १८७० मध्ये वेताळाच्या कथा इंग्रजीत आणताना शीर्षकात त्याला 'व्हँपायर' केले, आणि तेव्हापासून दोघांची गल्लत होत आली आहे. वास्तविक आपला वेताळ रक्तासाठी भुकेलेला नाही. प्रेतात वस्ती करून तो विक्रमाच्या खांद्यावरून गोष्ट सांगतो आणि शेवटी विचारतो की, यात दोषी कोण? उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला तर त्याच्या मस्तकाची शकले व्हावयाची. सदाशिव काशीनाथ छत्रे यांच्या 'वेताळपंचविशी'पासून (१८३०) हा न्यायाचा प्रश्न छापील मराठीत वाचला जात आहे. रात्रीच्या फेरीत आज नेमका तोच गळतो. अंगावर काटा येतो आणि मंडळी घरी जातात.

१७७३ साली उत्तर देणारा एक माणूस पुण्यात होता. रामशास्त्री प्रभुणे यांनी स्वतः चौकशी केली, रघुनाथरावांना दोषी ठरविले, देहान्त हेच प्रायश्चित्त असल्याचे त्यांच्या तोंडावर सांगितले आणि त्यांच्या कारभारात पुन्हा पाऊल न ठेवण्याचे सांगून पुणे सोडले. बारभाईंचा कारभार सुरू झाल्यावरच ते परतले.

नारायण दरवाजापाशी ही हकिकत सांगून संपली तेव्हा मागे उभ्या असलेल्या एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, मग काकांना शिक्षा काय झाली?" तिला जे सांगितले ते येथे नोंदवितो. रघुनाथराव इंग्रजांच्या आश्रयास गेले. त्यातून १७७५ पासून सात वर्षांचे युद्ध ओढवले. १७८२ च्या सालबाईच्या तहाने त्यांना दरमहा पंचवीस हजार रुपयांची नेमणूक मिळाली. १७८३ च्या डिसेंबरात ते कोपरगावी वारले. आणि १७९६ साली त्यांचेच पुत्र दुसरे बाजीराव पेशवेपदावर आले.

ती पुढे काही बोलली नाही. बसकडे परतताना हाक ऐकू आली का, हे मात्र कोणीच कोणाला विचारले नाही.