तळटीप : राजारहाट, गाव की शहर?

* लेखकाने राजारहाट कुठे ‘ग्रामीण’, कुठे ‘शहरी’ म्हटले आहे. दोन्ही तसेच ठेवले आहे. उत्तर चोवीस परगण्यातल्या इथल्या भातशेतीवर आणि ‘भेडी’ म्हणवणाऱ्या मत्स्यतळ्यांवर पश्चिम बंगाल सरकारच्या ‘हिडको’ या महामंडळाने १९९९नंतर न्यू टाउन वसवले. जनगणना मात्र नगरपालिका नसलेल्या गावालाही शहर ठरवते : वस्ती किमान ५,०००, घनता चौरस किलोमीटरला किमान ४००, आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेर. बायकांचे काम या कसोटीत धरतच नाहीत. म्हणजे गावातले पुरुष बांधकामावर गेले की मागे भात लावणाऱ्या बायकाही कागदोपत्री शहरी. लेखकाचे आकडे २०११च्या जनगणनेचे आहेत. २०२१ची जनगणना झालीच नाही, तेव्हा नंतरचे टॉवर त्यांत शोधू नयेत. — संपा.