सत्तर पानांचं पुडकं

पहाटेचे चार वाजलेत. बोदलकसाच्या तलावाच्या पाळीवर तुम्ही उभे आहात आणि साल 1970 आहे. मे महिना. पाणी खाली गेलंय, गाळाचा वास येतोय. सफारीच्या जिप्सी नाहीत. नागझिऱ्याचं रान अभयारण्य होतंय ते याच वर्षी. बाया रानाकडे निघाल्यात, खांद्यावर फडकी. त्यांच्या मागे चला. अस्वलाच्या धाकानं कुणी मोठ्यानं बोलतंय, कुणी उगाच खोकतंय.

टेंभराचं पान खुडायलाही नजर लागते. फार कोवळं नको, जून नको, किडीनं भोक पाडलेलं तर नकोच. उन्हं तापायच्या आत घर गाठायचं आणि पडवीत बसून पुडकी बांधायची. एका पुडक्यात सत्तर पानं. संध्याकाळी ती फडावर मोजून द्यायची. तुमचं पुडकं चारदा सुटतं. शेजारची बाई हसते आणि बोलण्यात खंड न पाडता ते बांधून देते.

आता पानामागे जा. ते वाळेल, भिजेल, कापलं जाईल, तंबाखूभोवती वळलं जाईल. गोंदियाची रेल्वे तुम्हाला मुंबईत सोडते. तिथून खेतवाडीची दहावी गल्ली. बिडीचं दुकान निसर्गदत्त महाराजांचं, मूळचे मारुती शिवरामपंत कांबळी. घरातला अरुंद जिना चढून पोटमाळ्यावर या. अगरबत्तीचा वास, गुरूंच्या तसबिरींना कुंकू आणि त्र्याहत्तर वर्षांच्या महाराजांच्या बोटांत बिडी. तिचं पान मागच्या मोसमाचं असणार. कोणत्या रानातलं, ते बिडी सांगत नाही.

कोपऱ्यात मॉरिस फ्रीडमन आहे. हा पोलिश इंजिनिअर तीस वर्षांपूर्वी गांधीजींबरोबर औंध संस्थानच्या स्वराज्य-प्रयोगात राबला होता. आता तो महाराजांची इथली बोलणी टिपतोय. महाराज मराठीत बोलतात, कुणीतरी लगेच इंग्रजी करून सांगतं. 1973 साली या बोलण्यांचा इंग्रजी ग्रंथ निघेल आणि खेतवाडीची मराठी जगभर वाचली जाईल, मराठी सोडून. मला याचं हसूही येतं, थोडं लागतंही.

तुम्ही गीता पाठ करून आला आहात. आधी कोणता ग्रंथ वाचावा, हा प्रश्न ओठांवर आहे. पण इथे प्रश्न विचारणाराच आधी तपासला जातो. पाठांतराच्या आधी तुम्ही होता ना? 'मी आहे' ही जाणीव कुठल्या अध्यायातून आली? देह, नाव, कुळ हे सगळं तिला मागाहून चिकटलं. तिथेच थांबा, तिला धरून बसा, एवढाच महाराजांचा आग्रह. तुम्ही मनात उत्तर जुळवता आणि लक्षात येतं, हेही कुठेतरी वाचलेलंच आहे.

म्हणून ग्रंथ फेकून द्यायचे, असं मात्र समजू नका. महाराजांचा संप्रदाय इंचगिरीचा, दासबोध मानणारा. 1933 साली एका मित्रानं त्यांना सिद्धरामेश्वर महाराजांकडे नेलं. 1936 साली गुरू गेले. मध्ये जेमतेम तीन वर्षं. त्या काळात फारसं न शिकलेल्या या दुकानदारानं गुरूंची प्रवचनं स्वतः लिहून ठेवली, पुढे ती छापूनही निघाली. म्हणजे पोथीला नको म्हणणाऱ्याच्या हातातही लेखणी होतीच. फरक इतकाच की गुरूनं सांगितलेलं त्यांनी खरं मानलं आणि ते स्वतःवर लावून पाहिलं. तुम्ही गीतेतलं एक तरी वाक्य असं लावून पाहिलंय का? मी नाही पाहिलं, हे आधीच सांगून टाकतो.

बिडी संपते. भजनाची वेळ होते, टाळ वाजायला लागतात, जिना पायांखालून निसटतो.

पुन्हा बोदलकसा, संध्याकाळ. फडावर पुडक्यांच्या रांगा. मुंशी वही उघडून बसलाय. तुमची पुडकी मोजून झालीत. त्यातलं एक बाईनं बांधलेलं, हे त्याला दिसतंय.

"नाव सांगा जी," तो म्हणतो.

तुम्ही तोंड उघडता. त्याची पेन्सिल वहीवर टेकलेली आहे.