चॉकलेट मोदकाची आच कुठे गेली?

गणपतीत नाशिकच्या घरांत मुलांना हाताशी घेऊन चॉकलेट मोदक होतात: मारी बिस्किटांचा चुरा, कोको, कंडेन्स्ड मिल्क, मळायचं, साच्यात दाबायचं. गॅस पेटवायचाच नाही.

आता हीच कृती इतिहासाचं साधन म्हणून वाचून बघा. मारी बिस्किट लंडनच्या पीक फ्रीन्सने 1874 मध्ये काढलं, एका रशियन राजकन्येच्या लग्नानिमित्त. दूध आटवण्याचं पेटंट अमेरिकेत गेल बॉर्डनला 1856 मध्ये मिळालं. कोकोच्या बियाही आधीच भाजलेल्या असतात. म्हणजे भाजणं-आटवणं कारखान्यात उरकलेलं. मुलांच्या वाट्याला फक्त वळणं आलं. उकडीच्या मोदकात आच घरातच असते, तिथे मुलांना जरा लांबच बसवतात.

तेव्हा कुठलंही साधन वाचताना विचारा: यातलं कोणतं काम दिसत नाही, आणि ते कोणी केलं?