घुमी, विक्षिप्त, स्वमग्न : एका नोंदीचा इतिहास

वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी नागपुरातल्या एका मानसशास्त्रज्ञ बाईंकडे मी प्रथम गेले, तेव्हा त्यांनी एक छापील अर्ज पुढे केला. त्यात ‘बालपणीच्या वर्तनाचा इतिहास’ असा एक रकाना होता आणि तो शक्यतो आईकडून भरून आणावा, अशी सूचना होती. मी घरी येऊन आईला विचारले. ती क्षणभरही थांबली नाही. म्हणाली, “पोट्टी घुमी होती. पाहुणे आले की आतल्या खोलीत जाऊन बसे. वर्षभर एकच फ्रॉक घातला, दुसरा अंगाला टोचते म्हणे.” पुढे निदानात जे सविस्तर लिहिले गेले, ते बहुतेक सारे या तीन वाक्यांत होते. फरक एवढाच, की आईच्या बोलण्यात तो स्वभाव होता आणि अर्जावर ते लक्षण झाले.

प्राचीन मराठी गद्य शिकवणाऱ्याला शब्दांचा इतिहास पाहण्याची खोड असते. घुमी, एकलकोंडी, हेकट, तिरसट, विक्षिप्त असे कितीतरी शब्द मराठीत अशा बायकांसाठी फार पूर्वीपासून आहेत. ‘स्वमग्न’ हा त्या मानाने अगदी अलीकडचा. मग या जुन्या शब्दांखाली ज्या बायका जगल्या, त्यांचे म्हणणे कोणी कधी नोंदवून ठेवले काय, असा प्रश्न मला पडला. प्रस्तुत लेख त्या प्रश्नाचा माग घेण्याचा एक प्रयत्न आहे.

प्रथम संज्ञेचा प्रवास पाहू. ‘ऑटिझम’ हा शब्द स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९११ च्या सुमारास रूढ केला, पण तो वेगळ्या, म्हणजे स्किझोफ्रेनियाच्या संदर्भात. आजच्या अर्थाजवळ तो आला लिओ कॅनर यांच्या १९४३ च्या निबंधाने. त्यात अकरा मुलांच्या हकिगती आहेत. पैकी आठ मुलगे, तीन मुली. १९४४ मध्ये व्हिएन्नात हान्स आस्पर्गर यांनी वर्णन केले ते मुलग्यांचेच. या दोघांच्याही आधी ग्रुन्या सुखारेवा या सोव्हिएत महिला डॉक्टरने १९२५-२६ मध्ये सहा मुलग्यांविषयी आणि नंतर मुलींविषयीही लिहिले होते. मुलग्यांवरील निबंधाचे इंग्रजी भाषांतर १९९६ मध्ये आले. मुलींवरील लेखन इंग्रजीत यायला २०२० उजाडले. या चोवीस वर्षांच्या अंतरातच विषयाचे निम्मे मर्म आहे, असे मला वाटते. ज्यांच्या वर्णनावरून कसोट्या घडल्या ते मुलगे होते. त्या कसोट्यांना मुली उतरल्या नाहीत, म्हणून मुलींत हे आढळतच नाही असा समज झाला. एका मुलीमागे चार मुलगे हे प्रमाण कितीतरी वर्षे सांगितले गेले. २०१७ मधील एका व्यापक पुनर्परीक्षणात ते तिनाच्या जवळ असल्याचे दिसले आणि मुलींचे निदान हुकत असल्याचा संशय बळावला.

हुकण्याचे एक कारण आपल्या घरांत सहज सापडते. मुलग्याचे घुमेपण खपून जाते. मुलीला पाहुण्यांसमोर पोह्यांची बशी घेऊन जावेच लागते. ती निरीक्षण करते, कोणाशी काय बोलायचे याची मनात तालीम करते, हसण्याच्या जागा पाठ करते. संशोधक याला मुखवटा धारण करणे म्हणतात. मुखवटा इतका चांगला बसतो की बाहेरून काहीच दिसत नाही. दिवसाअखेरचा थकवा तेवढा खरा असतो, आणि त्याला घरात ‘नाटक’ म्हणतात.

आता आपल्या शहराकडे येऊ. नागपुरातील प्रादेशिक मनोरुग्णालयाची स्थापना १८६४ ची. नागपूर मध्य प्रांताची राजधानी झाल्याला तेव्हा तीनच वर्षे झाली होती. त्या काळी लागू असलेल्या १८५८ च्या कायद्यानुसार भटकणाऱ्या किंवा धोकादायक वाटणाऱ्या वेड्याला पोलिसांनी दंडाधिकाऱ्यापुढे न्यावे आणि वैद्यकीय दाखल्यावरून त्याची रवानगी व्हावी, अशी व्यवस्था होती. १९१२ च्या कायद्याने तपशील बदलले, पण मुख्य सूत्र दाखल करण्याचेच राहिले. हा कायदा १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रद्द होईपर्यंत टिकला. त्या साऱ्या व्यवस्थेत पोलीस बोलतात, नातलग बोलतात, डॉक्टर बोलतात. जिच्याविषयी बोलणे चालले आहे, तिच्या बोलण्याकडे पुरावा म्हणून पाहिले जाते, म्हणणे म्हणून नव्हे.

घरातली व्यवस्था याहून फार निराळी नव्हती. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’तील त्यांच्या वडिलांचे सोवळे आठवावे. बाहेरून आलेला जिन्नस धुतल्यावाचून घरात येत नसे. मीठही त्यातून सुटत नसे. एका माणसाच्या मनातील भय साऱ्या घराचा नियम झाले आणि त्याला धर्माचे नाव मिळाले. हाच हट्ट घरातल्या सुनेने धरला असता, तर त्याला कोणते नाव मिळाले असते? वर्तन एकच असले तरी ते करणारा कोण यावर शब्द ठरतो, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे मला माहीत नाही.

याउलट एक नोंद आपल्याच विदर्भात, अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूरला आढळते. गोविंदप्रभूंचे तिथले वागणे लोकव्यवहाराला धरून नव्हते. गाव त्यांना वेडे म्हणे आणि देवही म्हणे. त्यांच्या लीळा अनुयायांनी जपल्या. म्हाइंभटांनी चक्रधरांच्या आठवणी ज्यांनी पाहिल्या-ऐकल्या त्यांच्याकडे जाऊन गोळा केल्या आणि तेराव्या शतकात ‘लीळाचरित्र’ सिद्ध झाले. नागपूर विद्यापीठाचे माजी कुलगुरू वि. भि. कोलते यांनी संपादिलेली त्याची आवृत्ती १९७८ ची. त्यात महदाइसा सारखी प्रश्न विचारते. तिची जिज्ञासा उपद्रव ठरत नाही. प्रश्न आणि उत्तर दोन्ही लिहून ठेवले जातात. ग्रंथाचा एक पाठ तर हिराइसा या बाईच्या नावाने ओळखला जातो.

वर्गात एकदा एका विद्यार्थिनीने विचारले, “मॅडम, मग महदाइसा स्वमग्न होती का?” मी नाही म्हटले, आणि आजही तेच म्हणेन. आजचे निदान सातशे वर्षांमागच्या माणसाला चिकटवणे हा इतिहास नव्हे. शिवाय गोविंदप्रभूंना जी मुभा मिळाली, ती पुरुषाला आणि देवत्वामुळे मिळाली, हेही विसरता येत नाही. रिद्धपूरकडून घ्यायचे ते निदान नव्हे, नोंद करण्याची रीत घ्यायची. ज्याने अनुभवले त्याच्याकडे जावे, विचारावे, त्याचे शब्द शक्यतो न बदलता लिहावेत आणि पाठभेद असेल तर तोही ठेवावा.

उपचाराचा आरंभ म्हणजे याहून निराळे काय असते? स्वमग्नता हा बरा करण्याचा आजार नव्हे. उपचार असतो तो वर्षानुवर्षांच्या चिंतेवर, खिन्नतेवर, मुखवट्याच्या थकव्यावर. पहिल्या काही भेटींत “तुम्हाला कसे वाटते?” या प्रश्नाला मला उत्तर देता येईना. आपली भावना ओळखायलाच अनेक स्वमग्न माणसांना वेळ लागतो. बाईंनी तो प्रश्न सोडून दिला. “त्या वेळी खोलीत कोणते आवाज होते? अंगात कुठे ताठरले?” असे त्या विचारू लागल्या. पुढच्या भेटीचे विषय आधी कळवू लागल्या, उत्तरे लिहून आणली तर चालतील म्हणाल्या. डोक्यावर गरगरणारा पंखा बंद केला. एवढ्याने मला बोलता आले.

कायदाही हळूहळू या दिशेने सरकला आहे. १९९५ च्या अपंगत्वविषयक कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेखच नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ती आली, पण सोबत पालक नेमण्याची तरतूद घेऊन. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यातील एकवीस प्रकारांत तिला स्थान मिळाले. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचाराचा निर्णय घेण्याची क्षमता आणि माहितीपूर्वक संमती या गोष्टी मध्यभागी आणल्या. कागदावर तरी आता प्रथम तिला विचारायचे आहे.

तो अर्ज मी परत केला तेव्हा आईची तीन वाक्ये जशीच्या तशी, ‘पोट्टी’सकट लिहिली होती. रकान्यात थोडी जागा उरली होती. तिथे मी माझा पाठभेद लिहिला : “फ्रॉक खरोखरच टोचत होता.”