बीपी, हार्ट अटॅक आणि लकवा : प्रत्येक घराला माहीत हवे

आपल्या रक्तवाहिन्यांच्या आतल्या भिंतीवर वर्षानुवर्षे चरबीचा थर बसत जातो. रस्ता अरुंद होतो आणि एक दिवस तिथे रक्ताची गुठळी अडकते. हे हृदयाच्या रक्तवाहिनीत झाले तर हार्ट अटॅक, मेंदूच्या रक्तवाहिनीत झाले तर लकवा, म्हणजेच फालिज. मेंदूतली रक्तवाहिनी फुटूनही लकवा होतो.

मुख्य कारणे
वाढलेला बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल आणि तंबाखू. यात बीपी सर्वात फसवा, कारण बहुतेकांना काहीच त्रास जाणवत नाही. मोजल्याशिवाय तो कळत नाही. पुन्हा पुन्हा मोजूनही 140/90 किंवा जास्त येत असेल तर उपचार हवेत. वय 30 च्या पुढे असेल तर जवळच्या उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात बीपी-शुगर मोफत तपासून घ्या. घरातल्या बायकांनीही!

गोळी सोडू नका
"आता बरं वाटतंय" म्हणून अनेक जण गोळी बंद करतात. बीपी गोळीमुळेच ताब्यात असतो. रमजानच्या महिनाभर आधी डॉक्टरांना भेटा. सहरी आणि इफ्तारप्रमाणे गोळ्यांच्या वेळा बदलता येतात का, ते तेच ठरवतील. डॉक्टर रोजा नको म्हणाले तर ऐका. आजारी माणसाला कुरआनने सवलत दिली आहे.

घरात काय बदलावे
- मीठ माणशी दिवसाला 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा एक चमचाही भरून नको. लोणचे, पापड, फरसाण यातले मीठही त्यातच धरा.
- डालडा टाळा. भजी-समोसे तळलेले तेल पुन्हा पुन्हा वापरू नका.
- विडी, तंबाखू, मिश्री, गुटखा बंद. राज्यात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे, ती आपल्या घरातही असू द्या.
- आठवड्यातले 5 दिवस अर्धा तास भरभर चाला.

ही लक्षणे दिसली तर थांबू नका
छातीत दाब किंवा आवळल्यासारखे वाटणे, डाव्या हातात वा जबड्यात कळ, दरदरून घाम. बायकांना आणि शुगरच्या रुग्णांना कधी फक्त दम लागतो किंवा मळमळते. लकव्यात तोंड वाकडे होते, हात लुळा पडतो, बोबडी वळते.

"गॅस असेल" म्हणत सोडा-ओवा देत बसू नका. सेनगाव, औंढ्याच्या खेड्यातून हिंगोलीला आणि मोठ्या उपचारासाठी पुढे नांदेडला जाण्यात आधीच वेळ जातो. गुठळीच्या लकव्यावरचे इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येते. म्हणून लगेच 108 ला फोन करा. हा नंबर मुलांनाही पाठ करून द्या.