दोन आणि साडेतीन

यंदा जूनमध्ये शाळा सुरू होण्यापूर्वी आम्ही मागची अडगळीची खोली रिकामी केली. मोडकी बाके, नकाशांच्या सुरळ्या, फुटका पृथ्वीगोल अशा वस्तू बाहेर येत असताना शिपायाने प्लॅस्टिकच्या कागदात बांधलेले एक गाठोडे माझ्यापुढे ठेवले. मोडीत काढायच्या वस्तूंच्या यादीवर मुख्याध्यापकाची सही लागते, म्हणून मी कागद सोडला. आत आमचा जुना बीबीसी मायक्रो संगणक होता. त्याच्या लाल कळा अजून तशाच होत्या. मी इतिहासाचा विद्यार्थी. जुन्या वस्तूची यादीत नोंद करण्याआधी तिची हकिकत लिहावी, ही आमच्या विषयाची खोड. वाचकहो, ही ती हकिकत.

केंद्र सरकारने १९८४-८५ मध्ये ‘क्लास’ नावाची संगणक-साक्षरता योजना सुरू केली आणि निवडक माध्यमिक शाळांना हे इंग्लंडच्या एकॉर्न कंपनीचे यंत्र मिळू लागले. आमच्याकडे ते १९८६ साली आले, तेव्हा मी नववीत होतो. त्याच सुमारास आमच्या गल्लीतल्या एका कानडी घरात आखाताहून सुट्टीवर आलेल्या मोठ्या भावाने सिंक्लेअर स्पेक्ट्रम आणला. धाकटा माझा मित्र. आमचे भांडण अर्धे मराठीत आणि अर्धे कानडीत चाले. तो छाती फुगवून म्हणे, ‘‘नोडो, तुमच्या शाळेचा दोन. माझा मूरूवरे, साडेतीन!’’

आकडे खरे होते. बीबीसीच्या पोटातला ६५०२ जातीचा प्रोसेसर सेकंदाला वीस लाख ठोके, म्हणजे २ मेगाहर्ट्झने चाले. स्पेक्ट्रममधला झेड-८० चाले ३.५ मेगाहर्ट्झने. मी निरुत्तर झालो आणि तक्रार घेऊन गणिताच्या सरांकडे गेलो. सर हसून म्हणाले, ‘‘अरे, पावले मोजू नका, अंतर मोजा.’’

त्या वेळी वाक्य आवडले, समजले मात्र नाही. समजायला या दोन प्रोसेसरांची कुळकथा ठाऊक हवी.

दोघांची जन्मकथा सारखीच आहे. दोघेही मोठ्या घरातून बाहेर पडलेल्यांनी घडवले. मोटोरोला कंपनीत ६८०० या प्रोसेसरवर काम केलेले चक पेडल हे अभियंता प्रोसेसर स्वस्त व्हावा म्हणून आग्रह धरीत होते. तिथे दाद लागेना, तेव्हा १९७४ मध्ये ते काही सहकाऱ्यांसह पेनसिल्व्हेनियातील एमओएस टेक्नॉलॉजी या कंपनीत गेले. सप्टेंबर १९७५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या वेस्कॉन प्रदर्शनात त्यांनी ६५०२ विकायला काढला, तो अवघ्या २५ डॉलरला. इंटेलच्या ८०८० ची छापील किंमत त्या काळी ३६० डॉलर होती. प्रदर्शनाच्या जागेत विक्रीला मनाई, म्हणून जवळच्या हॉटेलच्या खोलीत काचेच्या बरणीतून चिपा विकल्या गेल्या. बरणी भरलेली दिसावी म्हणून तळाशी न चालणाऱ्या चिपा भरल्या होत्या, असे पुढे पेडल यांनीच सांगितले. आपल्याकडच्या बाजारात आंब्याची पाटी रचतात, त्यातलाच हा प्रकार!

स्वस्ताईचे कारण बरणीत नव्हते, रचनेत होते. पेडल आणि मंडळींनी नसले तरी चालेल ते सारे काढून टाकले. ६५०२ मध्ये सुमारे साडेतीन हजारच ट्रान्झिस्टर. चिप लहान, म्हणून सिलिकॉनच्या एका चकतीतून जास्त नग निघत. शिवाय चिप छापण्याच्या साच्यातील दोष दुरुस्त करण्याचे तंत्र त्या कंपनीला साधले होते, त्यामुळे वाया जाणारे नग कमी. स्टीव्ह वॉझनियाक यांनी पहिला ॲपल संगणक याच प्रोसेसरवर उभा केला, त्यात या किमतीचा मोठा वाटा होता.

झेड-८० ची गोष्ट इंटेलच्या अंगणातली. ८०८० घडवणाऱ्यांपैकी फेडेरिको फॅजिन १९७४ च्या अखेरीस राल्फ अंगरमन यांच्यासह बाहेर पडले आणि त्यांनी झायलॉग कंपनी काढली. मासातोशी शिमाही त्यांना येऊन मिळाले. १९७६ साली झेड-८० बाजारात आला. त्यांनी काढून टाकण्याऐवजी भर घातली. ट्रान्झिस्टर सुमारे साडेआठ हजार, आकडे हाताशी ठेवण्याचे कप्पे, म्हणजे रजिस्टर, भरपूर आणि त्यांचा आणखी एक राखीव संच. ८०८० साठी लिहिलेले कार्यक्रम त्यावर चालत, म्हणून सीपी/एम या प्रणालीवरची कचेरीच्या कामाची सारी शिदोरी त्याला आयती मिळाली. स्वस्त डायनॅमिक स्मृतीला सतत उजाळा द्यावा लागतो. ती सोयही त्याने पोटात घेतली, त्यामुळे यंत्र बनवणाऱ्याचा बाकीचा खर्च वाचला.

आता सरांची पावले. एखादा ठराविक आकडा प्रोसेसरच्या हाती द्यायचा, एवढ्या कामाला ६५०२ ला २ ठोके लागतात आणि झेड-८० ला ७. म्हणजे २ मेगाहर्ट्झच्या बीबीसीला १ मायक्रोसेकंद आणि साडेतीनच्या स्पेक्ट्रमला २. स्मृतीतल्या एखाद्या घरातून आकडा उचलून आणायला पहिल्याला ४ ठोके, दुसऱ्याला १३. म्हणजे २ मायक्रोसेकंद विरुद्ध सुमारे ३.७. माझ्या मित्राचा साडेतीन इथे हरला.

पण न्याय दोन्हीकडून हवा. सोळा बिटांच्या दोन संख्यांची बेरीज घ्या. त्या कप्प्यांत तयार असतील तर झेड-८० ती एका आज्ञेत, ११ ठोक्यांत करतो, म्हणजे सुमारे ३.१ मायक्रोसेकंदांत. ६५०२ बिचारा एका वेळी आठच बिट हाताळणारा. त्याला स्मृतीतून आणणे, मिळवणे, परत ठेवणे हे सारे दोनदा करावे लागते, त्यात वीस ठोके, म्हणजे १० मायक्रोसेकंद जातात. इथे साडेतीन जिंकला. एक झपझप लहान कामे उरकणारा, दुसरा मोठे ओझे एका खेपेत नेणारा. कोण वेगवान, याचे उत्तर काम कोणते, यावर अवलंबून.

सर तेवढ्यावर थांबले नाहीत. पीटीच्या सरांचे स्टॉपवॉच घेऊन ते मित्राच्या घरी आले. बेसिक भाषेत लिहिलेली हजारो फेऱ्यांची तीच मोजणी त्यांनी आधी शाळेत आणि मग तिथे चालवली. बीबीसीने ती लवकर संपवली. मी उड्या मारू लागलो, तेव्हा सरांनी मला गप्प केले. ‘‘हा विजय प्रोसेसरचा एकट्याचा नव्हे. बीबीसीची बेसिक भाषाच जास्त चांगली लिहिलेली आहे. आणि किंमत विचारलीस का?’’

किंमत हा या कथेतला मजेदार भाग आहे. प्रोसेसर स्वस्त, म्हणून यंत्र स्वस्त, असे झालेच नाही. १९८२ मध्ये इंग्लंडात बीबीसीचे मॉडेल बी ३९९ पौंडांना मिळे, तर ४८ किलोबाइटचा स्पेक्ट्रम १७५ पौंडांना. बीबीसीला टंकलेखन यंत्रासारख्या कळा, चकती व जाळ्याची जोडणी; शाळेच्या दांडगाईत टिकेल असा बांधा. स्पेक्ट्रमला रबरी कळा आणि घरचा टीव्ही. पण ज्या घराला ३९९ पौंड परवडत नाहीत, त्याच्या दृष्टीने १७५ चा संगणक हाच उत्तम संगणक. त्याचे मोल मायक्रोसेकंदात कसे काढणार?

इथवर लिहून थांबलो असतो तर बरे झाले असते. पण इतिहास लिहिणाऱ्याने स्वतःचे पान फाडू नये.

१९९८ साली मी त्याच शाळेत तरुण शिक्षक होतो. पुण्या-मुंबईच्या माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून संगणकांसाठी पैसे पाठवले होते. खरेदी समितीत गणिताचे सर होते, मीही होतो. पुढे दोन दरपत्रके होती, रक्कम जवळजवळ सारखीच. एकात २३३ मेगाहर्ट्झ आणि १६ मेगाबाइट स्मृती, दुसऱ्यात २०० मेगाहर्ट्झ आणि ३२ मेगाबाइट. सर म्हणाले, ‘‘दुसरे घ्या.’’ मी भर सभेत म्हणालो, ‘‘सर, आता जमाना बदलला आहे.’’ सभासदांना मोठा आकडा पटला. सर काही बोलले नाहीत.

यंत्रे आली. स्मृती अपुरी, त्यामुळे प्रोसेसर बिचारा हार्डडिस्ककडे डोळे लावून बसे. मुलांचा तास चाळीस मिनिटांचा, त्यातली दहा यंत्र तयार होण्यात जात. सर पुढच्या वर्षी निवृत्त झाले. तोवर ते रोज शाळा सुटल्यावर तासभर थांबत आणि वेळ न पुरलेल्या मुलांना पाळीपाळीने बसवत. ‘मी सांगितले होते’ हे शब्द त्यांनी एकदाही उच्चारले नाहीत. मीही ‘चुकलो’ म्हटले नाही. आता सर नाहीत.

त्या दोन प्रोसेसरांचे पुढे काय झाले? झायलॉगने मूळ वळणाचा झेड-८० एप्रिल २०२४ मध्ये बंद करायचे जाहीर केले. तब्बल ४८ वर्षांची चाकरी झाली. ६५०२ चा सुधारित वंशज अमेरिकेतली वेस्टर्न डिझाइन सेंटर ही कंपनी अजून विकते. याच कंपनीला १९८३ मध्ये एकॉर्नची माणसे भेट देऊन आली. इतकी थोडी माणसे प्रोसेसर घडवू शकतात, मग आपण का नाही, या विचाराने सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी साधा, आटोपशीर असा एआरएम प्रोसेसर रचला. तो एप्रिल १९८५ मध्ये पहिल्यांदा चालला. आज तुमच्या-आमच्या खिशातले फोन त्याच घराण्याचे.

यादीतून मी ते यंत्र वगळले आहे. ते गणिताच्या वर्गात, काचेच्या कपाटात ठेवले. खाली चिठ्ठी लावली, मराठीत आणि कानडीत: ‘पावले मोजू नका, अंतर मोजा.’ कानडी ओळ माझ्या त्या मित्राने लिहून दिली. लिहिताना म्हणाला, ‘‘साडेतीनच मोठे होते रे.’’ मी वाद घातला नाही.