आत्याचा मान

बारशाला बाळाचे नाव आत्याने ठेवायचे, हे आपल्याकडे इतके पक्के आहे की शास्त्रातच तसे लिहिले असणार असे सगळ्यांना वाटते. शास्त्रात आत्या नाही. पारस्कर गृह्यसूत्रात दहाव्या दिवशी बापाने नाव ठेवावे असे आहे. मनुस्मृती दहावा किंवा बारावा दिवस सांगते. पाळण्यावर वाकून बाळाच्या कानात कुर्र करणारी बाई पोथीत भेटत नाही. तिला आणली बायकांनी, आणि नुसत्या आपल्याकडच्या नव्हे, कारण गुजरातेतही हा मान फोईचाच.

पहिले बाळंतपण माहेरी, म्हणून थोरल्या भाच्याचे बारसे भावजयीच्या गावी झाले. मी कुंची, दुपटी, झबली, चांदीचे वाळे असा बाळंतविडा घेऊन एसटीने गेले. परक्या गावात, जिथे एरवी मला कोणी ओळखलेही नसते, तिथे मी मानकरीण. कुंची घातलेला वरवंटा गोविंदाच्या नि गोपाळाच्या नावाने पाळण्याच्या खालून-वरून फिरला, मग बाळ फिरले. मी कानाशी वाकले मात्र, पाठीत धपाट्यांचा पाऊस. भावजयीच्या एका मावशीने तर व्याह्यांवरचा सगळा राग माझ्या पाठीवर काढला असावा. मग घुगऱ्या, सुंठवडा आणि मला साडी-चोळी.

साडी-चोळी मला आणखी एकदा मिळाली, ती माझ्या माहेरून, वडील गेल्यावर. आमचे हे कराडच्या कचेरीबाहेर दस्तलेखक होते. बहिणींची हक्कसोडपत्रे त्यांनी जन्मभर लिहिली. मजकूर पाठ असायचा: लग्नात मला मानपान मिळाला आहे, मी राजीखुशीने, कोणाच्या दडपणाशिवाय हक्क सोडते आहे. माझे पत्र मात्र त्यांनी दुसऱ्याकडून लिहून घेतले. मी सही केली. तेव्हा गावात सही न करणारी बहीण म्हणजे माहेर तुटलेली बहीण, आणि मला माहेर हवे होते.

म्हणून आत्याने नाव ठेवायच्या रिवाजाचा इतिहास मी सातबाऱ्याच्या बाजूने वाचते. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने लेकीला बापाच्या हिश्श्यात वाटा दिला, पण वडिलोपार्जित जमिनीत ती जन्माने वाटेकरी नव्हती. त्याआधी तर मुलगे असलेल्या घरात लेकीला बहुतेक काहीच नव्हते. अशा घरात लेक परत यायची ती कशाच्या जोरावर? दिवाळीला भाऊबीज होती, पण ती घेण्याची. बारशात मात्र तिच्या हातात देण्यासारखे काही होते. ज्या पोराला उद्या जमीन मिळणार, त्याला नाव देणारी ती. जमीन दिली नाही, वारसाचे नाव ठेवायला दिले. हा सौदा कोणी बसून ठरवला असे मी म्हणत नाही, पण तो बायकांनी घट्ट धरून ठेवला, यात मला नवल वाटत नाही.

आणि सौद्यात मला मिळालेला भाग काही कमी नव्हता. सुट्टीत पोरे मामाच्या गावाला जातात; गाणी काय, गोष्टी काय, सगळ्यांत मामाच. आत्याकडे पोरे येत ती शिकायला. काले गावात १९१९ मध्ये कर्मवीरांनी रयत शिक्षण संस्था काढली, पुढे कराडात कॉलेजही झाले, आणि आमच्या बाजूच्या खेड्यांतली पोरे तालुक्याला येऊ लागली. ज्याला वसतिगृह मिळाले तो तिकडे, बाकीचे आत्याकडे. मुलीला तर आत्याचे घर असेल तरच बाप पाठवायचा. या भागातल्या मुलींच्या शिक्षणाचा इतिहास कोणी लिहिलाच, तर त्यात आत्यांच्या माजघराला एक प्रकरण द्यावे लागेल.

भाचा आठवीला आला तो पत्र्याची ट्रंक आणि शेंगदाण्याच्या चटणीचा डबा घेऊन. त्याचा आवाज फुटला तो माझ्या घरात. यांच्या वस्तऱ्याने त्याने चोरून पहिली दाढी केली, हनुवटी कापून घेतली, तेही त्याच्या आईच्या आधी मला कळले. पाठोपाठ धाकटी भाची. ती प्रीतिसंगमाच्या वाटेवर सायकल शिकली आणि घरी मात्र सांगितले, आत्याने शिकवली. मला सायकल येतच नाही! आईबापांना मूल रोज दिसते, म्हणून वाढताना दिसत नाही. मी त्यांना सुट्टी संपवून परत येताना पाहायची. दर जूनला उंबऱ्यात वेगळेच माणूस.

महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क दिला, पण आधी लग्न झालेल्यांना वगळून. २००५ मध्ये केंद्राने कायदा बदलला. भाचीने वाट पाहिली नाही, भांडलीही नाही. बापाच्या हयातीतच म्हणाली, माझा हिस्सा माझ्या नावावर करा. घर आठवडाभर गप्प होते. भाऊ माझ्याकडे आला, तूच समजाव म्हणाला. मी त्याला चहा दिला आणि म्हटले, "तिला काय समजावू? कागद कसा करायचा ते यांना विचार."

आता सातबाऱ्यावर तिचे नाव आहे. भाच्याला मुलगी झाली तेव्हा नाव आधीच व्हॉट्सॲपवर ठरले होते, आत्याने फक्त ते कानात सांगायचे. ते ऐकून भाची भडकली. म्हणाली, जमीन वेगळी, मान वेगळा. नाव मी ठरवणार, आणि साडीही पैठणीच घेणार.